फ्लॅटमध्ये रथसप्तमी : आदल्या तयारीपासून राख निवेपर्यंत

रथसप्तमीच्या सकाळी साडेआठ वाजता एखाद्या गॅलरीत डोकावले तर बहुधा असे चित्र दिसते : पाटावरचा रथ अर्धाच काढून झालेला आहे, गोवरी नीट न पेटल्याने घरभर धूर कोंडला आहे, बोळके तडकून दूध निखाऱ्यांत गेले आहे आणि ज्याच्यासाठी ही सगळी धावपळ चालली आहे तो सूर्य समोरच्या टॉवरच्या पाण्याच्या टाकीवर केव्हाच येऊन बसला आहे. या घरांत श्रद्धा कमी नसते आणि साहित्यही कमी नसते. चुकतो तो क्रम. अंगण असलेल्या घरात जी कामे सकाळी उठून सहज होत असत, ती ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या चौदाव्या मजल्यावर आदल्या दिवशीच उरकावी लागतात, कारण या पूजेत मुहूर्त पुढे ढकलण्याची सोय नाही.

पुढील क्रम दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटसाठी आहे. ज्या घरात कुलाचार वेगळा असेल, त्यांनी त्या ठिकाणी आपलाच कुलाचार पाळावा; तयारी, वेळ आणि सुरक्षितता यांविषयीचे मुद्दे मात्र सर्वांना सारखेच लागू पडतात.

१. तिथी, वेळ आणि दिशा आधी पक्की करावी

रथसप्तमी म्हणजे माघ शुद्ध सप्तमी. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते : २०२४ मध्ये ती १६ फेब्रुवारीला आली, २०२५ मध्ये ४ फेब्रुवारीला आणि २०२६ मध्ये २५ जानेवारीला. या दिवसाचे स्नान अरुणोदयाचे असल्यामुळे अरुणोदयाच्या वेळी सप्तमी असणे महत्त्वाचे मानले जाते. म्हणून मोबाइलवर "सप्तमी सुरू : सकाळी अमुक वाजता" असे वाचून त्याच दिवशी पूजा मांडू नये. पंचांगात ज्या दिवसासमोर "रथसप्तमी" असा शब्द छापला आहे, तोच दिवस धरावा. स्वतः तिथीचे गणित करणाऱ्यांचा एक दिवस हमखास चुकतो.

वेळेच्या बाबतीत एक बारीक गफलत होते. पंचांगातला सूर्योदय कोणत्या गावचा आहे, हे बहुतेक जण पाहतच नाहीत. मुंबईचा सूर्योदय ठाण्यासाठी वापरला तर फरक अर्ध्या मिनिटाच्या आसपास राहतो, पण हातातले पंचांग सोलापूरच्या सूर्योदयाचे असेल तर जानेवारीत तो आपल्यापेक्षा बारा ते पंधरा मिनिटे आधी होतो. ठाण्यात जानेवारीच्या अखेरीस सूर्योदय सव्वासातच्या सुमारास असतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो सात वाजून पाच-सात मिनिटांवर येतो. अरुणोदय सूर्योदयाच्या आधी चार घटका, म्हणजे ९६ मिनिटे, धरतात. सूर्योदय ७.१४ ला असेल तर अरुणोदय ५.३८ ला होतो.

पंचांगातला सूर्योदय मोकळ्या, सपाट क्षितिजाचा असतो. कोपरी किंवा कळव्याच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे, ऐरोली-घणसोलीच्या पूर्वेलाही डोंगरांची रांग आहे आणि घोडबंदर रोडला डोंगराची कसर टॉवर भरून काढतात. त्यामुळे बिंब प्रत्यक्ष दिसायला उशीर होतो. अंदाज घेण्याची सोपी रीत अशी : हात पुढे ताठ धरून एक बोट आडवे करावे. आडव्या बोटाची जाडी सुमारे दोन अंश भरते आणि तेवढे वर यायला सूर्याला आठ-नऊ मिनिटे लागतात. समोरचा डोंगर दोन बोटे उंच दिसत असेल तर बिंब पंचांगातल्या वेळेनंतर साधारण सतरा-अठरा मिनिटांनी दिसेल.

दिशेची चूक याहूनही सार्वत्रिक आहे. मोबाइलमधल्या होकायंत्राने पूर्व शोधून त्याप्रमाणे पाट मांडतात. सळयांनी भरलेल्या काँक्रीटच्या इमारतीत ते होकायंत्र भरकटते; पण ते बरोबर असले तरी या दिवसांत सूर्य ऐन पूर्वेला उगवतच नाही. रथसप्तमी जानेवारीच्या अखेरीस आली तर तो पूर्वेपासून सुमारे वीस अंश दक्षिणेकडे उगवतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला आली तर तेरा-चौदा अंश. ताठ हाताच्या टोकाला मूठ सुमारे दहा अंशांची धरली, तर पूर्वेकडे तोंड केल्यावर सूर्य दीड ते दोन मुठी उजवीकडे दिसतो.

*पडताळणी :* रथसप्तमीच्या दोन-तीन दिवस आधी एका सकाळी गॅलरीत उभे राहून सूर्य कोठून आणि किती वाजता दिसतो ते पाहावे, कठड्याच्या आतल्या बाजूला खडूने खूण करावी आणि वेळ लिहून ठेवावी. ही खूण कोणत्याही होकायंत्रापेक्षा खरी असते.

गॅलरी पश्चिमेला असेल, तर गच्चीचा विचार आताच करावा. गच्चीला कुलूप असते, किल्ली सुरक्षारक्षकाकडे किंवा सेक्रेटरींकडे असते आणि सकाळी सहाला कोणाच्याही दाराची घंटा वाजवणे बरे दिसत नाही. परवानगी आणि किल्ली दोन्ही आदल्या दिवशी घ्यावी.

२. खरेदी : काय, कधी आणि किती

मातीची बोळकी संक्रांतीच्या आठवड्यात घ्यावीत. त्या वेळी ठाण्यातल्या जांभळी नाक्यावर सुगडांचे ढीग असतात; रथसप्तमीच्या आदल्या संध्याकाळी शोधायला गेल्यास रंगवलेल्या पणत्यांवर समाधान मानावे लागते. पाव लिटर मावेल असे, आतून-बाहेरून न रंगवलेले, जाड बुडाचे बोळके निवडावे. बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहावे. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आत चीर आहे असे समजावे. एकाच्या जागी दोन घ्यावीत.

रुईच्या पानांसाठी शनिवारची वाट पाहावी. मारुतीला रुईच्या माळा वाहतात म्हणून त्या दिवशी फुलवाल्यांकडे पाने हमखास मिळतात. नवी मुंबईत मोकळे भूखंड आणि रुळांच्या कडा रुईने भरलेल्या असतात, पण सांडपाण्याच्या काठावरची पाने डोक्यावर घेण्यासारखी नसतात. माणशी सात पाने पुरतात. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यास ती तीन-चार दिवस टिकतात.

याशिवाय चार-पाच गोवऱ्या, कापूर, तूप, रक्तचंदनाचे खोड, तांबडी फुले (जास्वंद किंवा तांबडी कण्हेर), अक्षता, हळद-कुंकू, तीळ, गूळ, मूठभर तांदूळ आणि अर्धा लिटर गाईचे दूध लागते. भांड्यांमध्ये तांब्याचा तांब्या, ताम्हण, पळी आणि एक मोठी परात. परातीचे कारण अर्घ्याच्या टप्प्यात येईल.

*सावधान :* दूध तांब्याच्या भांड्यात घालू नये. तांब्या फक्त पाण्याच्या अर्घ्यासाठी आहे.

३. बोळके तयार करणे

सर्वाधिक फजिती येथे होते. "बोळके भिजवून घ्यावे" एवढेच ऐकलेले असते, म्हणून ते आदल्या रात्री पाण्यात घालतात आणि सकाळी ओलेच निखाऱ्यावर ठेवतात. मातीच्या छिद्रांत मुरलेल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि बोळके उभे चिरते. आमच्या घरी लागोपाठ दोन वर्षे असेच झाले. पहिल्या वर्षी आम्ही कुंभाराला बोल लावला आणि दुसऱ्या वर्षी त्याच कुंभाराने, "भिजवलंत ते बरं केलंत, पण वाळवलंत कधी?" असे विचारले तेव्हा डोके ताळ्यावर आले.

योग्य रीत अशी. रथसप्तमीच्या दोन दिवस आधी बोळके रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे. प्रथम त्यातून बुडबुडे येतात. ते थांबले म्हणजे माती पुरती भिजली. दुसऱ्या दिवशी ते काढून सावलीत, उपडे न घालता, संध्याकाळपर्यंत पूर्ण वाळू द्यावे. मग आतून तुपाचे बोट फिरवावे, रिकामेच मंद आचेच्या जवळ पाच मिनिटे धरावे आणि आपोआप निवू द्यावे.

*पडताळणी :* वाळलेले बोळके गालाला लावून पाहावे. गार लागले तर आत ओल आहे.

४. आदली रात्र : रथ, चूल आणि मांडणी

रथ काढायला आदली रात्रच योग्य. पहाटे विजेच्या प्रकाशात घाईने काढलेल्या रथाला चाकांऐवजी बटाटे लागतात.

पाटावर रक्तचंदनाने किंवा रांगोळीने रथ काढतात. रक्तचंदन सहाणेवर उगाळून काडीने रेघा मारल्या तर रात्रीत त्या वाळून पाटाला धरतात आणि सकाळी पाट हलवला तरी पुसल्या जात नाहीत. गॅलरीत वारा असतो, म्हणून फ्लॅटमध्ये रांगोळीपेक्षा रक्तचंदन अधिक सोयीचे. रांगोळीच काढायची असेल तर पाट जेथे ठेवायचा तेथेच काढावी आणि वर मोठी टोपली पालथी घालावी.

रेखाटनात चुका ठरलेल्या असतात. सूर्याच्या रथाला चाक एकच असते. छापील चित्रांत दोन किंवा चार दिसतात, म्हणून आपणही तसे काढू नये. हे चाक म्हणजे संवत्सर : भागवताच्या पाचव्या स्कंधात त्याला बारा आरे, सहा धावा (कडा) आणि तीन तुंबे (मधले भाग) सांगितले आहेत, म्हणजे बारा महिने, सहा ऋतू आणि तीन चातुर्मास (चार-चार महिन्यांचे काळ). बारा आरे सारख्या अंतरावर काढणे अवघड वाटते, पण वर्तुळात घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे बारा ठिपके दिले आणि समोरासमोरचे ठिपके मध्यातून जाणाऱ्या सहा रेघांनी जोडले की काम होते. घोडे सात, गायत्री, बृहती, उष्णिक्, जगती, त्रिष्टुभ्, अनुष्टुभ् आणि पंक्ती या छंदांची ती रूपे मानली जातात. सात घोडे काढता येत नसतील तर एका धडाला सात माना काढाव्यात किंवा सात उभ्या रेघा ओढून प्रत्येकीच्या टोकाला कानांचे दोन ठिपके द्यावेत; रिवाजाला तेवढे पुरते.

सारथी अरुण विसरला जातो आणि काढलाच तर पाय लोंबकळवून बसवला जातो. तो गरुडाचा थोरला भाऊ. विनतेने धीर न धरता अंडे वेळेआधी फोडले, त्यामुळे त्याचे कमरेखालचे शरीर घडलेच नाही; त्याला अनूरु, म्हणजे मांड्या नसलेला, म्हणतात ते यामुळेच. म्हणून त्याची आकृती कमरेपर्यंतच काढावी. ही गोष्ट रथ काढता काढता मुलांना सांगितली की पुढच्या वर्षी ती स्वतःच चूक पकडतात.

क्रम असा ठेवावा : पाटाच्या मध्याच्या थोडे वर सूर्याचे बिंब, त्याखाली रथाची बैठक, बैठकीखाली एकच चाक, पुढे अरुण आणि शेवटी घोडे. घोडे आधी काढले तर सूर्याला जागा उरत नाही. घोड्यांची तोंडे कोणत्या बाजूला असावीत यावर घरोघरी वाद होतात. आमच्याकडे ती डावीकडे असतात, कारण पूर्वेकडे तोंड करून बसल्यावर डावी बाजू उत्तर येते आणि उत्तरायणातला रथ उत्तरेकडे वळतो अशी समजूत आहे. दुसऱ्या बाजूला काढलेले असले तरी रथ पुसून पुन्हा काढण्याचे कारण नाही.

चूल मांडण्यासाठी गॅलरीच्या फरशीवर दोन विटा अंतर ठेवून ठेवाव्यात, त्यांवर लोखंडी घमेले आणि घमेल्यात चार बोटे कोरडी वाळू. घमेले थेट फरशीवर ठेवले तर टाइल तडकते. वाळत घातलेले कपडे, प्लास्टिकच्या खुर्च्या, शोभेची झाडे आणि पडदे रात्रीच आत घ्यावेत. शेजारी एक बादली पाणी भरून ठेवावी. गोवऱ्या हाताने मोडून तळहाताएवढे तुकडे करावेत आणि ते फ्रीजच्या मागच्या कोमट जागेत रात्रभर ठेवावेत. दमट गोवरी हेच धुराचे मुख्य कारण असते.

*सावधान :* बंद पॅसेजमध्ये, जिन्यात किंवा काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत गोवऱ्या पेटवू नयेत. सोसायटीत आगीला मनाई असेल तर वाद घालू नये. आठव्या टप्प्यात गॅसवरची रीत दिली आहे.

५. अरुणोदयाचे स्नान

पहाटे सहाच्या सुमारास स्नान करावे. रुईची सात पाने धुवून, एकावर एक ठेवून डोक्यावर धरतात आणि त्यांवरून पाणी घेतात. काही घरांत बोरीची सात पानेही घेतात. त्या वेळी म्हणण्याचा श्लोक असा :

*यद्यज्जन्मकृतं पापं मया सप्तसु जन्मसु ।*
*तन्मे रोगं च शोकं च माकरी हन्तु सप्तमी ॥*

रुईचा चीक डोळ्यांना फार घातक असतो आणि ऐन वेळी तोडलेल्या पानातून तो ठिबकतो. म्हणून पाने आदल्या दिवशीच देठ वाहत्या पाण्याखाली धरून धुवावीत आणि देठाचा काप कोरडा होऊ द्यावा. डोक्यावर घेताना देठ मागच्या बाजूला असावेत, डोळे मिटलेले असावेत आणि पाने खाली ठेवल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांकडे नेऊ नयेत. लहान मुलांच्या डोक्यावर पाने ठेवण्याऐवजी त्यांच्या बादलीजवळ ठेवावीत, हे माझे मत.

६. अर्घ्य

सर्व पूजेत वेळेला बांधलेला भाग हाच. पाट सजवून झाल्यावर, आरती म्हणून झाल्यावर, सवड मिळाल्यावर अर्घ्य देणे म्हणजे पाहुणा जेवून उठल्यावर पान वाढणे. सूर्योदयाच्या दहा मिनिटे आधी गॅलरीत येऊन सगळे मांडून ठेवावे आणि याच वेळी घमेल्यातल्या गोवऱ्या पेटवाव्यात, म्हणजे अर्घ्य आणि पूजा होईपर्यंत ज्वाळा बसून निखारे तयार होतात.

तांब्यात स्वच्छ पाणी, त्यात चिमूटभर रक्तचंदन, अक्षता, थोडे तीळ आणि एक तांबडे फूल घालावे. खडूच्या खुणेकडे तोंड करून उभे राहावे. सकाळचे अर्घ्य उभे राहून, किंचित पुढे वाकून देतात. बसून द्यायचे ते सायंकाळचे. तांब्या दोन्ही हातांनी छातीच्या उंचीवर धरून मंत्र म्हणावा :

*एहि सूर्य सहस्रांशो तेजोराशे जगत्पते ।*
*अनुकम्पय मां भक्त्या गृहाणार्घ्यं दिवाकर ॥*

मंत्र पूर्ण झाल्यावर पाण्याची बारीक, अखंड धार सोडावी. असे तीन वेळा करावे. एकाच वेळी सगळा तांब्या ओतून टाकणे ही नेहमीची चूक. प्रत्येक वेळी एक तृतीयांश पाणी जाईल एवढीच धार ठेवावी.

ज्या घरी ओंजळीने अर्घ्य देतात त्यांनी बोटांकडे लक्ष द्यावे. पाणी बोटांच्या अग्रांवरून गेले पाहिजे, कारण बोटांची अग्रे हे देवतीर्थ, म्हणजे देवांना पाणी देण्याची जागा. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून पाणी सोडतात ते पितरांसाठी; श्राद्धाची सवय हाताला असली की सूर्यालाही नकळत तसेच दिले जाते. ओंजळ धरताना अंगठे तर्जनीला चिकटवू नयेत, मोकळे ठेवावेत, असाही संकेत आहे.

आता परातीविषयी. धार पायांवर पडू नये हा नियम सर्वांना ठाऊक असतो, म्हणून लोक हात कठड्याबाहेर काढतात. मीही काढले होते. पहिल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या काकू तासाभराने वर आल्या आणि हातातली पांढरी चादर उलगडून म्हणाल्या, "अहो, तुमचा सूर्य आमच्या चादरीवर उगवलाय." रक्तचंदनाचा डाग तीन धुण्यांनंतरही गेला नव्हता. तेव्हापासून कठड्याच्या आत स्टूल, स्टुलावर परात, परातीत ताम्हण अशी मांडणी असते. ताम्हणात जमलेले पाणी नंतर कुंडीतल्या झाडाच्या मुळाशी घालावे.

*सावधान :* पाण्याच्या धारेतून सूर्याकडे टक लावून पाहावे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. बिंब क्षितिजावर तांबडे असताना एक नजर टाकणे वेगळे आणि वर आलेल्या सूर्याकडे पाहत राहणे वेगळे. धार डोळ्यांचे रक्षण करत नाही. दृष्टी खाली, पाण्यावर ठेवावी.

*पडताळणी :* धुक्याने किंवा टॉवरने बिंब दिसत नसेल तरी लिहून ठेवलेल्या वेळी, खुणेच्या दिशेने अर्घ्य द्यावे. दिसण्याची वाट पाहत नऊ वाजवू नयेत.

ठाण्यात तलावपाळीवर किंवा उपवन तलावावर जाऊन अर्घ्य देणाऱ्यांनी फुले पाण्यात न सोडता निर्माल्य कलशात टाकावीत.

७. पाटाची पूजा

हा भाग थोडक्यात होतो आणि तसाच ठेवावा. पाट सूर्यासमोर ठेवून आपण त्याच्याकडे तोंड करून बसावे. आचमन करून हातात पाणी घेऊन "श्रीसूर्यनारायणप्रीत्यर्थं रथसप्तमीपूजनं करिष्ये" असा संकल्प सोडावा. त्यानंतर गंध, फूल, धूप, दीप आणि नैवेद्य हे पाच उपचार याच क्रमाने करावेत. गंध रक्तचंदनाचे, फुले तांबडी. नैवेद्याच्या जागी या क्षणी तीळगूळ पुरे. दुधाचा नैवेद्य पुढे येतो.

वाऱ्याने निरांजन विझते म्हणून अर्धी पूजा काडेपेटी शोधण्यात जाते. निरांजन परातीच्या आडोशाला ठेवावे.

८. दूध उतू घालणे

इथपर्यंत गोवऱ्यांच्या ज्वाळा बसलेल्या असाव्यात. पेटवताना कापूर आणि तुपात भिजवलेली वात एवढेच वापरावे. रॉकेल किंवा सॅनिटायझर यांचा विचारही मनात आणू नये. हिवाळ्याच्या सकाळी आपल्याकडे वारा बहुधा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो आणि पूर्वेच्या गॅलरीतला धूर सरळ दिवाणखान्यात शिरतो, म्हणून सरकते दार पूर्ण लावून घ्यावे.

बोळके ज्वाळेवर ठेवू नये, निखाऱ्यावर ठेवावे. दूध फ्रीजमधून पहाटेच बाहेर काढलेले असावे. बर्फासारखे गार दूध घातलेले बोळके तापलेल्या राखेवर टेकताच तडकते. दूध तीन चतुर्थांशापर्यंत भरावे आणि धुतलेल्या तांदळाची चिमूट टाकावी. काठोकाठ भरले तर दूध तापण्याआधीच सांडते, अर्धेच भरले तर उकळत राहते आणि उतू जात नाही. आमच्या घमेल्यात पाव लिटरच्या बोळक्याला साधारण वीस मिनिटे लागतात. या वेळात एकाने चुलीपाशीच बसावे. घरातल्या प्रत्येकाने "मी पाहतो" म्हणणे आणि कोणीच न पाहणे, हा प्रकार दुधाच्या बाबतीत फार होतो.

दूध पूर्वेकडे उतू जावे अशी पुष्कळांची इच्छा असते. बोळक्याच्या पश्चिमेकडील बुडाखाली गोवरीची एक कपची सरकवली की काठ पूर्वेला किंचित झुकतो आणि दूध तिकडूनच जाते. दूध कोठे सांडते त्यावरून वर्षाचा कौल पाहणाऱ्यांनी मात्र ही युक्ती करू नये आणि बोळके समपातळीतच ठेवावे.

दूध एकदा उतू गेले की ते अग्नीला पोचले. त्यानंतर फडक्याने धरून बोळके खाली काढावे आणि तापलेले बोळके थंड फरशीवर न टेकवता लाकडी पाटावर किंवा चुंबळीवर ठेवावे. गूळ घालायचा तो आता, दूध थोडे निवल्यावर. उकळत्या दुधात गूळ टाकला की ते फाटते आणि मग "या वर्षी दूध नासले" म्हणून घरभर चेहरे पडतात. त्यात अशुभ काही नसते, घाई असते. हे दूध-तांदूळ नैवेद्य दाखवून सर्वांना थोडे थोडे द्यावे.

गॅसवर करायचे असेल तर लहान स्टीलचे पातेले घ्यावे, आच अगदी मंद ठेवावी आणि दूध वर येताच हात बटणावर न्यावा. दोन-चार थेंब बाहेर गेले की गॅस बंद करावा. उतू गेलेल्या दुधाने ज्योत विझते आणि गॅस मात्र चालूच राहतो. पूजेच्या गडबडीत हे कोणाच्या लक्षात येत नाही. इंडक्शनवर ही भीती नाही.

९. नमस्कार आणि प्रदक्षिणा

"नमस्कारप्रियो भानुः" असे वचन आहे. म्हणजे वेळ कमी पडला तर रथाची नक्षी कमी करावी, नैवेद्याचे पदार्थ कमी करावेत, नमस्कार कमी करू नयेत. सूर्यनमस्कार घालणार असाल तर दूध पिण्याच्या आधी, रिकाम्या पोटी घालावेत. सवय नसेल तर बारा पुरेत. शाळेत एकशे आठ घातले म्हणून पन्नाशीत तेवढेच घालू नयेत.

बारा नावांच्या उच्चारात दरवर्षी त्याच चुका ऐकू येतात. क्रम असा : मित्राय, रवये, सूर्याय, भानवे, खगाय, पूष्णे, हिरण्यगर्भाय, मरीचये, आदित्याय, सवित्रे, अर्काय, भास्कराय, प्रत्येकाच्या आधी ॐ आणि नंतर नमः. "पूषाय", "मरीचाय" आणि "सविताय" ही रूपे चुकीची आहेत, कारण मूळ शब्द पूषन्, मरीचि आणि सवितृ असे आहेत. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावल्यास आठवण्यात श्वास जात नाही.

सूर्याला सात प्रदक्षिणा सांगितल्या आहेत. गॅलरीत पाटाभोवती फिरायला जागा नसते, म्हणून स्वतःभोवतीच उजवीकडे वळत सात वेळा सावकाश फिरावे. निखारे शेजारी असताना पायघोळ साडी किंवा उपरणे सावरून घ्यावे, आणि चक्कर येणाऱ्यांनी हात जोडून जागच्या जागी सात नमस्कार करावेत.

१०. आवराआवर

निखाऱ्यांवर एकदम पाणी ओतू नये. राख उडते आणि वाफेने हात भाजतो. बाजूची वाळू उलथन्याने वर ओढून निखारे झाकावेत आणि घमेले तसेच संध्याकाळपर्यंत राहू द्यावे. गोवरीची राख वरून पांढरी आणि थंड दिसली तरी आत धग कित्येक तास टिकते. ती सकाळीच कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात टाकल्यास डबा वितळतो आणि कचरा पेट घेतो. दुसऱ्या दिवशी राखेत उलथने फिरवून, वर तळहात धरून ऊब नाही याची खात्री करावी, मगच घमेले रिकामे करावे. तुळशीच्या कुंडीत चमचाभर राख चालते, घमेलेभर नाही.

पाटावरचे रक्तचंदन ओल्या फडक्याने पुसून ते पाणीही कुंडीतच घालावे. संक्रांतीपासूनची हळदीकुंकवे याच दिवशी संपतात, त्यामुळे संध्याकाळी बायका येण्याआधी गॅलरीतून विटा आणि घमेले बाजूला केलेले बरे.

बोळके शाबूत राहिले असेल तर ते साबणाने धुवू नये, माती साबण शोषते आणि पुढच्या वेळी दुधाला वास येतो. कोमट पाणी घालून तासभर ठेवावे, काथ्याने करपलेली साय खरवडावी, दोन दिवस उन्हात तोंड उघडे ठेवून वाळवावे आणि कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवावे. कागदावर या वर्षी बिंब किती वाजता दिसले ती वेळ लिहून ठेवावी.